केळापूरच्या मातीचा लेप

प्रिय गझाला,

तुझ्या लेकीचा परवा आदिलाबादहून फोन आला होता. विचारत होती, नानी, अम्मी पांढरकवड्याला पार्लरमध्ये नेमकं काय करायची? मी म्हटलं, अम्मीलाच विचार. तर म्हणाली, अम्मी सांगायला बसते आणि निम्म्यातच हसत सुटते, गोष्ट कधी पुरी होत नाही. तुझं हसणं मला ठाऊक आहे, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. वाचणार ती आहे, म्हणून तुला पाठ असलेलंही लिहिते. कंटाळलीस तर चार ओळी गाळ. कुणाच्या कंटाळ्यासाठी मी थांबत नाही.

स्टँडमागच्या गल्लीत तुझ्या भावाचं, शब्बीरचं, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या लगतची खोली तू पडदा लावून घेतलीस. दोन खुर्च्या, एक आरसा, भिंतीला टेकवलेला लाकडी बाक, आणि बाहेर पाटी, ‘रौशन ब्युटी पार्लर’. रौशन म्हणजे तुझी आई. ती गेल्यावर तू तिच्या नावाने धंदा काढलास आणि शब्बीरने आईचं नाव म्हणून खोली दिली. पण नावाने खोली भरत नाही. ती कापसाची वाईट वर्षं होती. एका साली भाव नाही, दुसऱ्या साली अळी, तिसऱ्या साली पाऊसच रुसलेला. लग्नं पुढे ढकलली जात, आणि झालीच तर नवरी घरीच बहिणीकडून आवरून घेई. पार्लर लग्नावर चालतं. दिवस दिवस तू आरशासमोर एकटीच बसलेली असायचीस.

शब्बीर वाईट माणूस नाही, पण रिकामी जागा त्याच्याच्याने बघवत नाही. वणीचा एक टायरवाला गोदामासाठी खोली शोधत होता. शब्बीर तुला म्हणाला, “मृगापर्यंत पाहतो. कमरा भरलेला दिसला तं तुझा. नाई तं टायर.”

त्यानंतरच्या आठवड्यात तू माझ्या दारात उभी राहिलीस. हातात कागदांचा गठ्ठा. तुझ्या समोरच अतुलचं इंटरनेटचं दुकान होतं. तिथे बसून तू पानं निवडली होतीस, तीही चित्रं बघून, कारण सगळं इंग्रजीत होतं आणि इंग्रजीशी तुझं जमत नव्हतं. कुठे लिंबाच्या सालीचं उटणं, कुठे केसांना लावायची केळी, कुठे कुठल्याशा बेटावरच्या मांजरांची हकिकत. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, “काकू, लग्नाची वाट पाहून पार्लर नाई चालत. रविवार तं दर आठवड्यालेच येते.”

तुझा बेत सरळ होता. आठवडाभर राबलेल्या बायांना रविवारी दुपारी काहीतरी गोड हवं असतं. तोंडाला लेप, हाताला मेंदी, आणि कानाला गोष्ट. मेंदीच्या हातांनी पान उलटता येत नाही, डोळ्यांवर काकडी ठेवली की वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवणारं माणूस पाहिजे. ते माणूस मी. मी म्हटलं, जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता नखं रंगवणाऱ्यांपुढे पोथी लावू? त्यावर तू अगदी शांतपणे विचारलंस, मग तुम्ही घरी काय करून राह्यल्या? मी चष्मा शोधायला लागले. रविवारी मी आले.

पहिल्या रविवारी एकटी नंदाबाई होती. अंगणवाडीत मदतनीस, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. जयंतीची मिरवणूक तोंडावर होती म्हणून भुवया करायला आली आणि सोबत डबाभर कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन आली. तिच्या दोन्ही हातांवर तू मेंदी काढलीस आणि मग सांबारवडी कोण खाणार हा प्रश्न पडला. तू तिला घास भरवायला लागलीस. मी एक ओळ वाचायची, तू एक घास द्यायचा. नंदाबाई म्हणाली, तिला शेवटचं कुणी भरवलं होतं ते तिच्या लग्नात, आणि त्यानेही अर्धा घास स्वतःच खाल्ला होता.

पुढच्या रविवारी तिने केळापूरची ममता आणली. ममताने जावा आणल्या. कुणी मूगवडे आणायचं, कुणी पाटोडी, कुणी उन्हाळ्यात आंब्याचा रस पितळी डब्यात. नियम ठरला, आधी खाणं, मग मेंदी, शेवटी लेप. कारण लेप लावून चावता येत नाही. मी इंग्रजी बघायचे आणि मराठीत सांगायचे. आपल्याकडे न मिळणारं एखादं फळ आलं की बाया विचारायच्या, त्याच्याजागी काय? एकदा मी सीताफळ म्हटलं, तर ममता म्हणाली, चेहऱ्याला कायले, खाऊ की. तो प्रश्न तिथेच मिटला.

एकदा नंदाबाईने विचारलं, त्या इंटरनेटवर आपल्या यवतमाळचं काय लिहिलं आहे? पुढच्या रविवारी आण. पुढच्या रविवारी तू इतर पानं आणलीस आणि यवतमाळचं एकही नाही. मी विचारलं तेव्हा तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, “सगळं तेच आहे, काकू, शेतकऱ्यांच्या मरणाचं. नाई आणलं.” मी मान डोलावली आणि बेटावरची मांजरं पुन्हा वाचली. कुणी तक्रार केली नाही.

बाया येत होत्या, पण खोली भरली असं म्हणण्याइतक्या नाहीत. मे महिना लागला. मृग दिसायला लागला, पावसाचा नव्हे, शब्बीरचा.

आणि तू ते पान आणलंस. एक बाई, तोंडभर काळा लेप, फक्त डोळे आणि दात. मी वाचलं. परदेशात कुठेतरी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेली काळी माती असते, ती तोंडाला लावतात. आणि श्रीमंत बाया सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन त्याच मातीच्या चिखलात गळ्यापर्यंत बसतात. नंदाबाई म्हणाली, “मंग आमी तं आषाढात रोजच श्रीमंत.” माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी सांगितलं, आपली कापसाची काळी माती आणखी वेगळी काय आहे, तीही लाव्ह्याचीच. भूगोल बरोबर होता, हे मी आजही लिहून देते. पुढे जे झालं त्याला भूगोल जबाबदार नाही.

तुझे डोळे लकाकले ते मी पाहिले. बाजारातली मुलतानी माती विकत आणावी लागे. ही फुकट, आणि परदेशी सुद्धा. ममताच्या शेतात तेव्हा विहिरीचं खोदकाम चाललं होतं. फवारणी झालेल्या वरच्या थरातली नको, हातभर खालची आण, एवढं मी बजावलं. ममताने पोतं भरून आणली. तू ती चाळलीस, गुलाबपाण्यात कालवलीस आणि बोटभर जाडीचा थर दिलास. ममता, तिच्या दोन जावा, नंदाबाई, आणि शेवटी स्वतःला. मी नाही लावली. मला वाचायचं होतं.

लेप लावून होतो तोच लाईट गेली. भारनियमन. पंखा थांबला, पत्र्याची खोली तापली, आणि मी पडद्याजवळ उजेडाला सरकून वाचत राहिले. उन्हाळ्यात आपली शेतं कशी भेगाळतात हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा. पण तीच माती आपल्या गालावर आहे, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. सगळ्या डोळे मिटून, सुखात, थंडावा लागतो आहे म्हणून गप्प.

मग तो थंडावा संपला. माती आवळायला लागली. ममताने काही बोलायला बघितलं, तर ओठ हलेनात. तिने माझ्याकडे हातवारे केले, मला वाटलं मोठ्याने वाचायला सांगते आहे. मी आवाज चढवला.

शब्बीर नेमका तेव्हाच टायरवाल्याला खोली दाखवायला घेऊन आला. तुझ्या पार्लरची रीत होती. पुरुषाने पडद्याबाहेर खाकरायचं आणि आतून होकार आला तरच पडद्याला हात लावायचा. तो खाकरला. वाचण्याच्या नादात मला ऐकू आलं नाही, बाकीच्यांचे ओठ हलत नव्हते, तेव्हा होकार नाही. पुन्हा खाकरला. “गझाला?” तुझ्या घशातून कसलासा हुंकार निघाला. तो ऐकून त्याला वाटलं आत काही भलतंच झालं आहे, आणि त्याने पडदा सारला.

अंधारी खोली. पाच काळी तोंडं, भेगाळलेली, त्यांत दहा डोळे, सगळे त्याच्यावर रोखलेले. पडद्याशी मी, पांढऱ्या केसांची, हातात कागद. टायरवाला दोन पावलं मागे गेला आणि तुझ्या भावाच्या स्पॅनरच्या पेटीवर बसला. शब्बीरचा चेहरा पांढराफटक. “जल गये क्या?” असं त्याने विचारलं, ते मला ऐकूही आलं नाही इतक्या बारीक आवाजात, मी ओठांवरून ओळखलं. माझं येऊ घातलेलं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. आपल्या गावात त्या वर्षांत लोक कुणाच्याही दारात असल्या भीतीनेच डोकावत असत.

मी म्हटलं, “माती आहे, शब्बीर. केळापूरची. पाणी आण.”

तो तसाच उभा. आणि मग नंदाबाईला हसू आलं. आधी पोटात, मग खांद्यात, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एक भेग सरकत गेली, आणि तिच्या डाव्या गालाचं ढेकूळ सुटून मांडीवर पडलं. तिने ते उचलून पाहिलं आणि शब्बीरपुढे धरलं, जणू त्याने मागितलं होतं. मग कुणालाच हसू आवरलं नाही. सगळ्यांची ढेकळं पडायला लागली. तू हसत खुर्चीवरून खाली बसलीस आणि तोंड उघडता येत नसल्याने नाकातून हसत होतीस. तो आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही.

शब्बीरने पंक्चर बघायच्या टाकीतलं नव्हे, वेगळ्या ड्रमातलं चांगलं पाणी आणलं. बादल्यांमागून बादल्या. परक्या बायांची तोंडं दिसू नयेत म्हणून भिंतीकडे पाहत उलट्या हाताने पाण्याचा मग पुढे करायचा आणि विचारायचा, “और?” आतून कुणीतरी म्हणायचं, “अजून एक.” असं किती वेळ चाललं कोण जाणे. टायरवाला केव्हा उठून गेला ते कुणी पाहिलं नाही. नंतर कळलं, गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याला तो म्हणाला, ती खोली आपल्याला नको, तिथे बाया काहीतरी करतात.

धुतल्यावर मात्र चेहरे चमकत होते. मातीने म्हणा, घासण्याने म्हणा, हसण्याने म्हणा. ममताने आरशात दोन्ही गाल पाहिले आणि म्हणाली, “माह्या शेतात एवढं सोनं, आन् मी त्यात कापसाची पऱ्हाटी लावून राह्यली.”

सोमवारी अतुल एक पान घेऊन माझ्याकडे आला. रविवारचं दुसरं पान. तू चित्र असलेलं पहिलंच छापायला सांगितलं होतंस. दुसऱ्यावर लिहिलं होतं, थर पातळ द्यावा, आणि पूर्ण वाळण्याआधी धुवावा.

पुढच्या रविवारी मी आले तर बाहेर चपलांचा ढीग. केळापूरच्या निम्म्या बाया तमाशा बघायला आल्या होत्या, आणि आलोच आहोत तर भुवया करून जाऊ म्हणत होत्या. बाकावर जागा नव्हती, मला उभ्याने वाचावं लागलं. आणि पडद्याशेजारी पाण्याचा ड्रम काठोकाठ भरून ठेवलेला, वर झाकण, झाकणावर नवा मग. शब्बीर दुकानात मान खाली घालून चाकाच्या तारा आवळत होता. त्याने टायरचं नाव पुन्हा काढलं नाही.

मृग आला आणि गेला. तू लेप शिकलीस. माती पातळ, त्यात दही आणि चिमूटभर बेसन, ओला असतानाच काढायचा. मग प्रत्येकीला आपल्या गावची माती आणायची हौस लागली. केळापूरची मऊ, कुणाची चिकट, कुणाची खडा असलेली. जणू सोयरीक जमवायला आणल्या होत्या. राजूरची मात्र तू घेतली नाहीस, तिथे कोळसा आहे म्हणालीस. त्यावरून ती राजूरची बाई महिनाभर रुसली.

आणि तू मला स्टीलचा झाकणाचा डबा दिलास. माझं माहेर फुलसावंगी. आमच्या शेतातली माती जिल्ह्यात सर्वांत काळी, असं मी एकदा बोलून बसले होते. तू म्हणालीस, काकू, बोललात ना, मग आणा. मी डबा घेऊन गेले. परत निघताना वहिनीने तो रिकामा पाहिला आणि त्यात शेवेचे लाडू भरले. माहेरवाशिणीचा डबा रिकामा जात नाही. रविवारी आपण ते लाडू खाल्ले. दुसऱ्या खेपेला मी वहिनीला बजावलं, यात माती न्यायची आहे. ती म्हणाली, ताई, माती ओच्यात न्या, डब्यात चिवडा भरला आहे. तिसऱ्या खेपेला तिळगूळ. दर वेळी तू झाकण उघडायचीस, आत वाकून बघायचीस, आणि म्हणायचीस, “फुलसावंगीची माती लईच गोड आहे, काकू.”

मग तुझं लग्न आदिलाबादला जमलं. पार्लर ममताच्या धाकट्या जावेने घेतलं, अजून चालवते, रविवारी गर्दी असते. जाताना तू डबा मागितला नाहीस, म्हणालीस, माती आणली की द्या.

डबा माझ्या फडताळात आहे. सध्या त्यात वहिनीने दिलेली हरभऱ्याची डाळ आहे.