मधल्या भिंतीची खिडकी

शेजारच्या काकांनी खिडकी बंद केली, त्या सकाळीच मला शंका आली. ही खिडकी रस्त्यावरची नव्हे. आमचं घर आणि काकांचं घर एकाच छपराखाली आहे. मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीत आमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या स्वयंपाकघरात उघडणारी हातभर खिडकी. विरजण मागायचं, कोथिंबीर द्यायची, गॅस संपला की पलीकडे कुकर चढवायला द्यायचा, सगळं तिथून. कडी दोन्ही बाजूंना आहे, पण त्यांची कडी लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवशी ढकलली तर हलेना.

"काका, खिडकी अडकली का?" मी विचारलं.

"नाही गं बेटा, हवा येऊन राहिली थंडी. सर्दी झालीय," पलीकडून आवाज आला.

एप्रिल महिना, इंदूरचं ऊन, आणि यांना थंडी हवा लागतेय. मी कान टवकारले.

आमची कॉलनी संस्थानच्या काळात दरबारच्या नोकरदारांसाठी वसली. कोपऱ्यावरचं गोल व्हरांड्याचं घर डॉक्टरांचं होतं, तिथे आता कोचिंग क्लास चालतो. त्याच्या पुढचं जजसाहेबांचं, त्याच्या दर्शनी भागात साड्यांचं शोरूम आहे आणि दगडी खांबांना गुलाबी रंग फासलाय. मागच्या ओळीत कारकुनांची जोडघरं. त्यातलं आमचं, माझ्या आजोबांनी आणि काकांच्या वडिलांनी मिळून बांधलेलं. दोघं एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसत आणि दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता. आमच्याकडे सांगतात, खिडकी शेजारधर्म म्हणून ठेवली. काकांकडे सांगतात, पलीकडे जास्त सागवान लागतंय का हे बघता यावं म्हणून माझ्या आजोबांनी ती हट्टाने ठेवून घेतली. मला त्यांचंच खरं वाटतं. माझा स्वभाव कुठून आला, हे त्यावरून कळतं.

त्या दोघांनी एक नियम मात्र घालून दिला. मधल्या भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर आधी पलीकडे सांगायचं. कारण इकडे हातोडी पडली की तिकडच्या फळीवरची भांडी खाली येतात. खिडकीशी जाऊन म्हणायचं, "ठोकतोय हो." पलीकडचा म्हणणार, "थांबा." तो भांडी उतरवणार आणि मग म्हणणार, "ठोका." एकदा नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरांत अबोला झाला होता. तेव्हासुद्धा माझ्या वडिलांनी कॅलेंडरचा खिळा मारताना खिडकीत तोंड घालून सांगितलं होतं, आणि काकांनी भांडी उतरवून उत्तर दिलं होतं. त्यानंतर दोघं पुन्हा तोंड फिरवून बसले.

खिडकी बंद झाल्यानंतरच्या आठवड्यात एक माणूस फीत घेऊन काकांच्या अंगणात उकिडवा बसलेला दिसला. मी कुंपणाजवळ गेले. "क्या नाप रहे हो भिया?" त्याने फीत गुंडाळली. "कुछ नहीं भाभीजी, ऐसे ही." ऐसे ही कोणी जोत्याची मापं घेतं का? हा बिल्डरचा माणूस, मी मनाशी धरलं. मग रविवारी जुनी घरं बघत फिरणारं एक टोळकं आलं. त्यांचा गाइड आमच्या फाटकाशी उभा राहून सांगत होता की हे घर दोन सख्ख्या भावांनी बांधलं. सख्खे भाऊ. मी बाहेर येऊन त्याला दुरुस्त केलं, आणि तोही बिल्डरचाच माणूस नसेल कशावरून, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवला.

लग्नानंतर याच घरात राहायला आलेला माझा नवरा हसत होता. तो पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात आहे, त्याला दिवसभर मशिनी दिसतात, माणसं कमी. "तुला सगळीकडे चोरच दिसतात," तो म्हणाला.

पण आमच्याच गल्लीच्या टोकाला एका जोडघराचा अर्धा भाग विकला गेला होता, हे तो विसरला होता का? बिल्डरने आपला अर्धा भाग पाडला आणि उरलेल्या अर्ध्याची भिंत पहिल्याच पावसात बाहेर कलून अर्धवट कोसळली. छपराची लाकडं दोन्हीकडून एकाच भिंतीवर टेकलेली, एका बाजूचा आधार गेला तर दुसरी बाजू उभी राहणार कशी? त्या घरातली माणसं विजयनगरला भाड्याने राहायला गेली. त्यांचा देवाचा कोनाडा अजून रस्त्यावरून दिसतो. काकू गेल्यापासून काका एकटे होते, मुलगा पुण्याला. ते घर विकणार, आणि त्यांच्याबरोबर आमचंही घर जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटत होती. त्याहून जास्त राग येत होता, कारण काका मला सांगत नव्हते.

मग विटा आल्या. ताडपत्री टाकून झाकलेल्या. मी विचारलं तर म्हणाले, "अंगणात ओटा करायचाय." ओट्याला एवढ्या विटा?

आणि एका दुपारी हातोडा पडला. मधल्या भिंतीवर, आधी काही न सांगता. आमच्या फळीवरचा पितळी डबा खाली येऊन चेपला, डाळ जमिनीभर झाली. मी खिडकीकडे पाहिलं. कडी लागलेलीच. पुन्हा घाव, आणि पुन्हा. अबोल्यातही जे कधी चुकलं नव्हतं ते काका चुकले होते. म्हणजे आता त्यांना आमची पर्वा उरली नव्हती, असंच मी धरलं.

चपला घालून मी रस्त्याने त्यांच्या पुढच्या दाराशी गेले. आत सामान खोक्यांत बांधलेलं होतं. मी बरोबर ओळखलं होतं. मनाशी वाक्य जुळवत मी स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

मधल्या भिंतीला लागून त्यांच्या बाजूने एक नवी भिंत उभी राहिली होती. पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत, मध्ये मध्ये सिमेंटचे जाड खांब. छतापर्यंत पोचायला थोडंच राहिलं होतं. वरच्या टोकाशी जुन्या भिंतीला ती पकडून राहावी म्हणून मिस्त्री तिथे खाचा पाडत होता. खिडकीपुढे तेवढी जागा अजून मोकळी होती. काका स्टुलावर बसून बघत होते. मला पाहून उठले.

"विकलं तुम्ही," मी म्हणाले.

"हो बेटा." त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "मुलगा म्हणतो आता पुण्याला चला. पावसाळा झाला की हे पाडतील. पण ही भिंत नाही पाडायची. ही भिंत आणि हिच्याखालची जमीन मी सौद्यात दिलीच नाही. ती तुझी. तुझं छप्पर हिच्यावर राहील."

"मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? आधी घर विकलं, ते सांगावं लागलं असतं." ते भिंतीकडे बघत होते. "आज खिडकीशी गेलो होतो, ठोकायचं सांगायला. वो क्या है ना, कडीला हात लावला, पण उघडवेना. मग मिस्त्रीला म्हटलं, चल, सुरू कर."

मी घरी आले आणि डाळ भरली. संध्याकाळी नवऱ्याला पाठवून जमिनीचे कागद बघून घेतले. काका म्हणाले तसंच होतं. नवरा या वेळी हसला नाही.

खिडकी सगळ्यात शेवटी बुजवायची ठरली. त्या सकाळी पलीकडची कडी वाजली आणि ती उघडली. काकांच्या हातात आमची स्टीलची वाटी होती, कधी नेली होती कोण जाणे, आणि तिच्यात विरजण होतं. "तुझीच आहे," ते म्हणाले. मी वाटी घेतली. त्यांच्या मागे मिस्त्री थापी घेऊन उभा होता.

"ठोकतोय हो," काका म्हणाले.

आमची फळी मी आदल्या दिवशीच रिकामी केली होती. उतरवायला एक चमचासुद्धा नव्हता. तरी मी म्हटलं, "थांबा."