विरजणबाईचा हातगुण

विरजणबाईच्या हातगुणावर मी जेवढी जळले, तेवढी कुणाच्या दागिन्यांवरही कधी जळले नाही. नव्वदीच्या दशकात नगरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्र शिकवायचो आणि पीएच.डी.साठी कडधान्यांतल्या प्रथिनांची रचना शोधत होतो. तिचं प्रथिन हुलग्यातलं, माझं मटकीतलं. रचना कळायची तर आधी प्रथिनाचे स्फटिक धरायला हवेत, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. त्यासाठी प्रथिनाच्या द्रावणाचे थेंब काचेवर लावून बंद कपाटात ठेवायचे. तिच्या थेंबात खडीसाखरेसारखे स्फटिक धरायचे. माझ्या थेंबात गाळ!

थेंब लावले की ती कपाट बंद करून खुशाल बेलापूरला माहेरी जायची. मी मात्र उठसूट डोकावायची. "सारखं झाकन काढलं तर भात तरी शिजतो का गं?" ती हसून विचारायची. माझ्या पोटात दुखायचं ते दुखायचंच.

क्ष-किरणांचं मोठं यंत्र बंगळूरला, कितीतरी कॉलेजांत मिळून एक. महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर नंबर लागायचा, आणि हातात स्फटिक नसला तर तो दुसऱ्याला जायचा. आमचे नंबर लागोपाठ लागले. आमचे मार्गदर्शक सर मला म्हणाले, "तुमच्याकडे काहीच नाही. तुमचा नंबर त्यांनाच देऊन टाका." त्यांनाच! मी तणतणत प्रयोगशाळेत आले. "घे बाई, आता दोन्ही नंबर तुझेच," असं तिला सुनावलं आणि मला रडूच कोसळलं.

तिनं घरच्या मांजरीची गळालेली मिशी काडीला चिकटवून ठेवली होती. मिशीचं टोक तिनं आपल्या स्फटिकाला घासलं आणि माझ्या थेंबातून हलकेच ओढलं. "हुलगा न् मटकी चुलत भनीच की. शेजारनीकडून विरजन घ्यायला कुनी लाजतं व्हय?" आठवडाभरात माझ्याकडेही स्फटिक धरले. तेव्हापासून मी तिला विरजणबाई म्हणू लागले. आनंद झालाच, पण मेलं हेही तिच्याच हातून व्हावं!

बंगळूरला आधी तिचा नंबर होता. तिचा टपोरा स्फटिक यंत्रावर चढवतानाच तडकला. तिच्या बाकीच्या स्फटिकांचं पडद्यावर नुसतं धुकं. "माझा येळ वाया कशाला घालवायचा? तुझा लाव," ती म्हणाली. माझा बारीकसा स्फटिक, पण पडद्यावर रचना उलगडणारे ठिपके असे लख्ख पडले की यंत्रावरचा माणूस खुर्चीतून उठला. टाळी मात्र तिनंच आधी वाजवली. "लई भारी! आता उठू नको हितनं."

तिचा पुढचा नंबर लागायच्या आत पीएच.डी.साठी मिळालेली तिची रजा संपली आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. मी डॉक्टर झाले. कॉलेजात माझा सत्कार झाला, तेव्हा ती पुढच्या रांगेत बसून शेजारच्यांना सांगत होती, "आमची हाय ती." भाषण करताना मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते, एखादी आठी, जराशी जळजळ कुठे दिसते का म्हणून. काही म्हणजे काही नाही. पुढे नवऱ्याची बदली झाली आणि ती निघून गेली, तीही हसतच.

मला आजही तिचा राग येतो. बाई गं, एकदा तरी माझ्यावर जळायचं होतंस!