देवधर काकांनी आणलेलं फाटकाचं गाणं

टाऊनशिपमध्ये किस्से फार साठतात, कारण दुसरं काही साठवायची सोयच नसते. क्वार्टर कंपनीचं, अंगणातला आंबाही कंपनीचा. रिटायर झालं की दोन्ही सोडायचं. माणसं ट्रकमध्ये सामान भरून निघून जातात आणि किस्से मागे उरलेल्यांच्या हवाली करतात.

आमच्या भोपाळच्या टाऊनशिपमधले निम्मे किस्से एका गाण्याभोवती जमलेत. ते गाणं आणलं आमच्या शेजारच्या देवधर काकांनी. मी अमेरिकेत लोकगीतं शिकून परत आले, तीच मुळी या गाण्याचा पूर्ण इतिहास लिहायचा असं ठरवून. आले आणि कळलं की काकांच्या घशात कॅन्सर आहे. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. म्हणजे काकांच्या आवाजात ते गाणं रेकॉर्ड करायला माझ्याकडे जेमतेम दोन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत टाऊनशिपच्या मराठी मंडळातल्या लोकांकडून जे ऐकलं, ते हे.

*

काका तरुण इंजिनिअर असताना कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवलं. तिथला एक वेल्डर संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून गिटारवर एक जुनं कंट्री गाणं म्हणायचा. कामासाठी दूर निघालेला नवरा घोड्यावर बसतो आणि बायकोला सांगतो, ‘फाटक उघडं ठेव, मी येतोय.’ काकांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं.

परत आले तेव्हा क्वार्टरांची अख्खी लाईन बॅग उघडायची वाट बघत होती. त्या काळी परदेशातून आलेला माणूस म्हणजे टेपरेकॉर्डर, सेंट, निदान शेव्हिंग क्रीम तरी! बॅगेतून निघाले धुवायचे कपडे. काका खुर्चीवर बसले आणि गायला लागले.

गाणं संपल्यावर सुमन काकू म्हणाल्या, "छान आहे. पण हे मी शोकेसमध्ये कुठे ठेवू?"

*

काकांनी गाणं मराठीत आणलं ते गणपतीसाठी. घोड्यापाशी अडले. टाऊनशिपमध्ये घोडा कुणाकडे? काकांनी नवऱ्याला सायकलवर बसवलं.

कारखान्यात त्यांच्याच शॉपमधले, मूळचे नागपूरचे वानखडे काका प्रॅक्टिसलाच उखडले. "काय राजा, सायकलवर बसून कोणी बायकोले सोडून जाते का? सायकल तं फर्स्ट शिफ्ट सुटली का घरीच येते!"

वादावादी झाली आणि नवऱ्याला रेल्वेत बसवायचं ठरलं. तर हळदीकुंकवाला बायकांनी आपलीच आवृत्ती काढली. तिच्यात बायको म्हणते, ‘फाटक उघडं आहे, पण येताना भाजी घेऊन या!’

गणपतीत वन्स मोअर कुणाला मिळाला, हे सांगायला नकोच.

*

पुढे ते गाणं निरोपाचं झालं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, त्या महिन्यात रिटायर होणाऱ्यांना क्लबमध्ये हार, शाल, समोसे. मग सगळ्यांनी मिळून हे गाणं म्हणायचं, आणि जाणाऱ्याने आपल्या भाषेत एक कडवं जोडायचं. ओडिया, तेलुगू, बुंदेली, सगळं जोडलं गेलं. असं मी जगात कुठेच पाहिलेलं नाही. एका गाण्याला एवढ्या भाषा, आणि प्रत्येक भाषा घर सोडणाऱ्याची!

थॉमस अंकलनी मल्याळममध्ये कडवं म्हटलं, तेव्हा शब्द एकालाही कळला नाही, पण सगळा क्लब रडला. वानखडे काकांनी तर नाक पुसायला शाल वापरली, तीही थॉमस अंकलची.

अर्थ कळला बऱ्याच वर्षांनी, केरळहून नवीन आलेल्या एका नर्सकडून. ‘मागच्या अंगणात नारळ लावलाय. नवीन येणाऱ्याने त्याला पाणी घालावं.’

आम्ही त्या क्वार्टरवर धावलो. नारळ कधीच वाळून गेला होता. वानखडे काका बुंध्यापाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "हिंदीत सांगाचं ना रे बाबा."

*

माझ्याकडे गाण्याची सर्वांत जुनी सापडलेली आवृत्ती होती. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या खेडुताने म्हटलेली, खरखरणारी रेकॉर्ड. तिथे नवरा खाणीत जातो. त्याहून जुन्या शब्दांत म्हणे तो खलाशी होता. आणि शेवटी एक कडवं आहे, जे आमच्या टाऊनशिपने कधी ऐकलंच नव्हतं. त्यात नवरा येत नाही आणि बायको एक दिवस उठून फाटक लावून घेते.

मी मोठ्या उत्साहाने मंडळाला ते ऐकवलं. ओळीओळीचा अर्थ सांगितला.

"हे चुकीचं आहे," वानखडे काका म्हणाले.

"काका, अहो, हे मूळ आहे!"

"मूळ असन. पण चुकीचं आहे."

कोपऱ्यात बसलेले देवधर काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तो वेल्डर म्हणायचा हे कडवं. मी एकटा होतो गं तिकडे. बाकी सगळं पाठ झालं, हेच तेवढं होईना."

*

ऑपरेशनच्या आधीचा रविवार. रिटायर झाल्यावर काकांनी आनंद नगरात घर बांधलंय, कारखान्याचा भोंगा ऐकू येईल अशा बेताने. मी सकाळीच माईक घेऊन पोचले. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. वानखडे काकांना ताकीद दिली की खोकायचं नाही. काकू आत पोहे करत होत्या.

रेकॉर्डर सुरू केला. "काका, गाणं. पहिल्यापासून."

काकांनी मान हलवली. "गाणं नको."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. "काका, मंगळवारनंतर..."

"माहितीये. गाणं हा वानखडे म्हणेल, तू म्हणशील. थॉमस तिकडे केरळात म्हणत असेल." घोटभर पाणी पिऊन त्यांनी माईक जवळ ओढला, स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "सुमन!"

आतून काकू ओरडल्या, "आले, आले! काय हवंय?"

रेकॉर्डर बंद करायला मी बटणाकडे हात नेला. काकांनी खुणेनेच थांबवलं. थोडं थांबून पुन्हा हाक मारली. या वेळी हळू, "सुमन, अगं ऐकलंस का?"

काकू झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "अहो, काय झालं? पोहे लागतील तिकडे!"

"काही नाही," काका म्हणाले.