भाऊजींनी मारलेला पतंग

आमच्या किहीमच्या वाडीत विहिरीशेजारी पेंटगुळाचं झुडूप आहे. त्याच्या लाल फुलांवर भर उन्हात एका जातीचा पतंग यायचा. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतात तसला नव्हे, हा उजेडातच हिंडणारा. पोपटी अंग, पोटावर तांबडा पट्टा, पंख काचेसारखे आरपार. बसायचा म्हणून नाही. हवेतच थांबून मध प्यायचा आणि मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पसार व्हायचा. दोन वर्षं मी त्याच्या मागे होते. फोटोत नुसती फुलं यायची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझे धाकटे दीर मुंबईहून आले. मी पडवीत तांदूळ निवडत होते, तेवढ्यात विहिरीकडून चट्ट आवाज आला. भाऊजी डास मारायची बॅट घेऊन हसत आले. जाळीवर तो पतंग होता. एक पंख जळलेला, पाय अजून हलत होते.

"घ्या वहिनी, आता काढा निवांत फोटो. कुठे जात नाही तो."

मी ओरडलेच. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मारायचाच असता तर मी उन्हात कशाला उभी राहिले असते?"

सासूबाई बाहेर आल्या. "एका किड्यापायी घरच्या माणसावर ओरडतेस?" नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. त्याचा तर जास्तच राग आला.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. पेंटगुळाच्या पानावर मेलेला पतंग, जळका पंख दिसणार नाही असा ठेवलेला. खाली भाऊजींनी लिहिलं होतं, "वहिनींची मेहनत फळाला आली." त्यावर टाळ्या, अंगठे.

मी लिहिलं, "हा फोटो माझा नाही. भाऊजींनी हा पतंग बॅटने मारला." त्याखाली आत्यांनी शुभ रात्रीचा गुलाब टाकला.

भाऊजी सकाळी मांडव्याहून बोटीने गेले, मला न सांगता. "फोन करून टाक, विषय मिटेल," नवरा म्हणाला. मी केला नाही.

यंदा श्रावणात तसलाच दुसरा पतंग आला आणि फोटो मिळाला. अगदी सोंडसुद्धा स्पष्ट. सासूबाईंना दाखवला.

"छान आलाय गं," त्या म्हणाल्या. "आता तरी बोल त्याच्याशी."

मी कॅमेरा पिशवीत घातला.