बसवणाऱ्या मॅडम

दुकान उघडायला आलेला माणूस शटरसमोर लावलेल्या परक्या स्कूटरकडे जसा बघतो, तशा मॅडम झोपलेल्या माणसाकडे बघत. ही इथे कोणी ठेवली आणि किती वेळ राहणार? गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात सगळेच झोपलेले, त्यामुळे मॅडमच्या कपाळावर सकाळी आठपासून आठी असे. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. बाहेर बाकड्यांवर बसलेल्या आम्हा नातेवाइकांपैकी अर्ध्यांना हा शब्द एका दमात म्हणता येत नव्हता, म्हणून त्या सगळ्यांच्या ‘बसवणाऱ्या मॅडम’ झाल्या. उंची जेमतेम पाच फूट, पायात करकर वाजणाऱ्या चपला. सटाण्याकडच्या होत्या. एरवी शुद्ध बोलत, पण एखाद्या पेशंटची उशी चुकीच्या जागी दिसली की तोंडातून अहिराणी निघे, “हाई काय शे?” आणि नर्स पळत येत.

त्यांनी माझ्या वडिलांना बसवलं. मी आधी त्यांच्याविरुद्ध लिहिलं होतं, तेही सांगितलंच पाहिजे.

माझे वडील, नाना, नाशिक रोडच्या एका कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. आमच्या घरी देवघरापेक्षा पत्रकांचे गठ्ठे मोठे. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ती त्यांच्या पुढच्या बाजूवर. निवृत्तीनंतर नाना गप्प बसतील अशी आईची आशा होती. त्यांनी हेल्मेटसक्तीविरुद्ध पत्रक काढलं. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. ‘आमचं डोकं, आमचा निर्णय’ हा मथळाही मीच सुचवला आणि नानांनी माझी पाठ थोपटली. महिनाभराने त्यांच्या स्कूटरला कुत्रं आडवं गेलं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, नाना व्हेंटिलेटरवर गेले, नंतर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. दुसरा स्कॅन बरा आला तशी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि त्याच सकाळी मी काचेतून पाहिलं: पाच फुटांची एक बाई माझ्या बेशुद्ध बापाला काखेत धरून पलंगाच्या कडेला बसवत होती. मागून एक नर्स, बाजूला सगळे ज्यांना मामा म्हणत ते वॉर्डबॉय, चहूकडे नळ्या. नानांची मान एखाद्या ओल्या टॉवेलसारखी पुढे पडलेली. मॅडम म्हणत होत्या, “पाय खाली सोडा नाना. जमीन अजून तिथेच आहे.”

हरसूलहून आलेली आत्या काचेला नाक लावून उभी होती. तिने तिथेच मॅडमना गाठलं. “बाई, डोक्याला मार लागलेला माणूस हाय तो. त्याला हलवायचं नसतं. दही लागू राहिलं असतं तवा भांडं हलवतं का कोणी?”

“आत्या,” मॅडम हात पुसत म्हणाल्या, “तुमचा भाऊ दही नाही, भाकरी आहे. एका बाजूला ठेवला की करपतो. पाठ बघितली का त्याची? लाल झालीय. अजून आठवडा असाच पडला तर जखम होईल, छातीत कफ भरेल, पाय काडी होतील. मग शुद्धीवर येऊन करणार काय?”

आत्या विचारात पडली. मी पडले नाही. मी घरी गेले आणि ज्या घराण्याची मी आहे त्या घराण्याला शोभेल ते केलं. ‘अतिदक्षता विभागातील सक्तीची कवायत तात्काळ थांबवा’ असं पत्रक लिहिलं, पन्नास झेरॉक्स काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाकड्यांवर वाटल्या. एक चपलांच्या रॅकवर चिकटवली. ‘असहाय रुग्णांचा शारीरिक छळ’ हे माझे आवडते शब्द ठळक केले होते. लोकांनी त्या आवडीने घेतल्या. एकाने आपल्या प्रतीवर डबा ठेवला.

मॅडमनी रॅकवरची प्रत काढून उभ्याउभ्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा नानांनंतरचा तो पहिला माणूस.

“तुम्हीच का? चांगलं लिहिता,” त्या म्हणाल्या. “फक्त माहिती कमी पडली. छळ मी रोज दोनदा करते, वीस वीस मिनिटं. आणि मॉनिटरवर प्रेशर पडलं किंवा ऑक्सिजन उतरला की लगेच थांबवते. हे पण घाला.”

“म्हणजे छळ आहे हे तुम्ही मान्य करता?”

“बसणाऱ्याला विचारा. बोलायला लागले की सांगतील.” मग फाइल उघडून म्हणाल्या, “अपघाताच्या वेळी हेल्मेट नव्हतं, असं लिहिलंय.”

मी हेल्मेटच्या पत्रकाबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. तोवर आईलाही मथळा माझा होता हे माहीत नव्हतं. मॅडमनी फाइल मिटली.

“सक्ती या शब्दाला थोडे दिवस सुट्टी द्या,” त्या म्हणाल्या. “आणि अकरा वाजता आत या. विरोध करायचा तर पाय धरून करा. नानांचा उजवा पाय घसरतो, तो तुमच्याकडे.”

त्या दिवसापासून मी गाउन घालून आत जाऊ लागले. मॅडमची कामाची पद्धत पोळ्याला बैल सजवावा तशी होती. आधी सजावट. प्रत्येक नळी कुठून येते, कुठे जाते, ती किती लांब आहे हे बोटाने पाहायच्या, सैल सोडायच्या, चिकटपट्टी लावायच्या. पंधरा मिनिटं तयारी, मग पाच मिनिटं बसणं. पलंगावरून शेजारच्या खुर्चीपर्यंतच्या चार फुटांना त्या ‘नाशिक रोड ते द्वारका चौक’ म्हणत. “अंतर कमी आहे हो, ट्रॅफिकच जास्त.” आणि ट्रॅफिक म्हणजे नळ्या. बेशुद्ध माणसाशीही त्या अहो-जाहो करत, त्याला आजचा वार सांगत, बाहेर ऊन आहे की ढग ते सांगत. “ऐकू येतंय की नाही माहीत नाही. पण येत असेल तर आपण अडाणी ठरायला नको.”

खरा प्रश्न निराळाच होता. नाना डोळे उघडत, पण त्या डोळ्यांत नाना नव्हते. डॉक्टर रोज येऊन म्हणत, “हात दाबा. बोट उचला.” काही नाही. फाइलमध्ये रोज एकच ओळ: आदेश पाळत नाहीत. पाठ, छाती, पाय सगळं मॅडम सांभाळत होत्या, पण आतला माणूस उरलाय का, हे त्या ओळीवर ठरणार होतं. डॉक्टर आता आमच्याशी बोलताना जरा जास्तच हळू आवाजात बोलू लागले होते.

एका सकाळी मी ती ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. “आदेश पाळत नाहीत, हे कारखान्यातल्या साहेबांनी तीस वर्षं यांच्या फाइलमध्ये लिहिलंय,” मी म्हणाले. “तेव्हा तर डोक्याला काही लागलं नव्हतं.”

मॅडम नानांची मान धरून होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग काय पाळायचे?”

“ठराव.”

“म्हणजे कसा?”

मी सांगितलं. मॅडमनी घसा साफ केला आणि पूर्ण गांभीर्याने, शेजारच्या पलंगालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सभासद बंधू-भगिनींनो. ठराव असा, की नानांनी आज दहा मिनिटं बसावं. सूचक मी. अनुमोदन?”

“अनुमोदन,” मी पायाजवळून म्हणाले.

“बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

मॅडमनी एक हात मोकळा करून वर केला. मी केला. नर्सबाई आधी हसल्या, मग त्यांनीही केला.

“विरुद्ध?”

चादरीवरून नानांचा डावा हात निघाला. मनगट थरथरलं, कोपर थांबलं, परत निघालं, आणि चार बोटं छातीच्या उंचीला येऊन तिथे टिकली.

मला नानांचा पाय धरून ठेवायचा होता, तो मी धरून ठेवला. दिसत मात्र काही नव्हतं.

“ठराव तीन विरुद्ध एक मताने मंजूर,” मॅडम म्हणाल्या. “बसा, नाना.” आणि पूर्ण दहा मिनिटं बसवलं. नंतर डॉक्टर आले, पुन्हा सभा भरली, पुन्हा हात वर झाला. डॉक्टरांनी लिहिलं: आदेश पाळतात. मॅडमना ते पटलं नाही. “पाळत नाहीत, विरोध करतात. त्याला जास्त मेंदू लागतो. तसं लिहा.”

पुढे उभं राहणं आलं, वॉकर आला, घर आलं. चार महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा नाना काठीवर चालत होते. शब्द मात्र अजून शोधावे लागत. आत्याला माझ्या नावाने हाक मारत आणि मला आत्याच्या. मॅडमनी त्यांना व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

“त्यांचं कोपर सोडा.”

“पडतील.”

“पडतील कदाचित. पण चार महिने झाले, तुम्ही धरूनच आहात.”

“मॅडम, तो मथळा माझा होता.”

“आणि स्कूटर त्यांची होती. डोकंही त्यांचंच. पाच मिनिटं तरी त्यांचं त्यांना राहू द्या. सोडा.”

मी सोडलं. नाना मागे न बघता निघाले, दारातून बाहेर, पायऱ्या एकेक करत, थेट फाटकाजवळच्या रिक्षापर्यंत. आम्ही मागोमाग. रिक्षावाल्याने भाड्याचा आकडा सांगितला. नाना थांबले. ओठ हलले, शब्द सापडेना. रिक्षावाला थांबला.

“मी... टर,” नाना म्हणाले. “का नाही?”

“बाबा, नाशकात मीटर कोण टाकतं?”

नानांनी काठी जमिनीत रोवली आणि तोंड उघडलं. पुढचा शब्द अडला. मी तो त्यांना द्यायला धावले, तर मॅडमनी माझं मनगट धरलं. “थांबा. शोधू द्या.”

आतून मामांनी हाक मारली, चार नंबरच्या पेशंटचं प्रेशर आता बरं आहे, बसवता येईल. मॅडम निरोप न घेताच वळल्या. चपला करकरत आत गेल्या. नाना अजून दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर होते, आणि स्टँडवरचे आणखी दोन रिक्षावाले ऐकायला येऊन उभे राहिले होते.