माकडशिंगीतला पिवळा ठिपका

लेकीने नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली की मला नगरमधली आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते, कारण तिथल्या द्रावणालाही असाच गोडसर, डोक्यात चढणारा वास होता. पारनेरकडच्या दोन माळांवरून आम्ही माकडशिंगी आणली होती. फुलं नसली की या बिनपानांच्या मांसल काड्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून आतल्या रसायनांवरून त्यांची जात ठरवायची होती. दुसऱ्या माळावरची जात वेगळीच आहे, असं आमचे सर कित्येक वर्षं म्हणत आले होते, आणि त्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. द्रावणाबरोबर काड्यांचा अर्क काचपट्टीवर चढला, त्यातली रसायनं वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटली, निळसर दिवा लावला, आणि नेमका दुसऱ्या माळाच्या नमुन्यात एक पिवळा ठिपका झगमगला. सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. पण ताज्या काड्या आणून पुन्हा करून पाहिलं, तर ठिपका गायब. शेवटी ज्यांच्या गच्चीवर पहिल्या खेपेच्या काड्या वाळत घातल्या होत्या, त्या बाईंना सरांनी फोन लावला. "वारं लई सुटलं हुतं सर, म्हून एका ढिगाखाली पोरीच्या हळदीतली चादर आंथरली. शुभ असती ना ती," त्या म्हणाल्या. सरांनी विचारलं, "पोरगी नीट नांदतेय ना?" "व्हय, लई सुखात हाय." "बरं झालं," म्हणत त्यांनी दिवा बंद केला. पहिल्या पट्टीवर उरला तो साधा पिवळा डाग, रोजच्या आमटीतला, आणि आमच्यापैकी एकालाही तो ओळखू आला नव्हता. लेक बाटलीचं झाकण लावेपर्यंत मला सर अजून तसेच उभे दिसतात.