खिंडीतले तिरंदाज

“आबांनी एकाच दुपारी तीच चूक दोनदा केली, आणि पहिली त्यांना आठवतही नव्हती. आता त्यांना नांद्यात एकटं ठेवणं बरं नाही.”

हे विधान माझ्या मुलाचे आहे. त्याने ते माझ्या बहिणीला फोनवर ऐकवले आणि बहिणीने ते मला ऐकवले, आवाज इतका खाली करून, जणू ते मलाच ऐकू जायचे नव्हते. या एका विधानावर माझे नांदे सोडून जांब्याला मुलाकडे राहायला जाणे ठरले आहे. मुलाच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीला रंगही देऊन झाला. रंग कोणता हवा, हे मला विचारण्यात आले. यायचे की नाही, हे विचारण्यात आले नाही.

बहीण माझ्याहून धाकटी, पण बोलण्यात थोरली. “दादा, जा की रं,” ती म्हणाली. “पोरगा काय वाईट सांगतुया व्हय? तितं लिफ्ट हाय, नातवंडं हायेत. हितं भाडेकरूंच्या चपला राखत बसतूस.”

चपला राखण्याचे काम अवघड आहे, असे मी तिला सांगितले. ती हसली नाही. हल्ली मी विनोद केला तरी माणसे एकमेकांकडे पाहतात.

मी हायस्कुलात भूगोल शिकवला. नकाशा वाचणे हे माझ्या हाडात आहे. म्हणूनच वरच्या खोलीतल्या भाडेकरूने, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या त्या तरुणाने, माझ्या संगणकावर राज्ये वसवण्याचा तो खेळ घालून दिला, तेव्हा मला तो परका वाटला नाही. त्यात घाई नसते. आपण आपली चाल करायची, मग इतर राज्ये त्यांची करतात, मग पुन्हा आपली पाळी. काही दिवसांत मी जिंकू लागलो आणि मला त्याचा कंटाळा आला. मग मी स्वतःला नेम घालून घेतला. संबंध डावात एकच गाव वसवायचे, पहिला वार आपण करायचा नाही आणि केलेली चाल मागे घ्यायची नाही. भाडेकरू म्हणाला, “काका, कशाला छळून घेता? सेव्ह केलेला डाव उघडा की.” तो उघडता येतो, म्हणूनच तर नेम लागतो. जे करताच येत नाही, ते न करण्यात कसली शिस्त?

नेम म्हणजे काय, हे मी पत्नीकडून शिकलो. ती चातुर्मासात मौनाने जेवायची. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत आमटीत मीठ घालायचे राहिले. सगळ्यांनी मागून घेतले. तिने ती तशीच संपवली. पाहुण्यांना वाटले, ती रुसली आहे. हात धुतल्यावरही तिने खुलासा केला नाही. नेम बोलून दाखवला की त्याचा मान मागितल्यासारखे होते, असे ती मला पुढे म्हणाली. ती गेल्याला बरीच वर्षे झाली. तिचे हे म्हणणे मी पाळतो.

आता त्या दुपारविषयी. मुलगा आला होता आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. माझे गाव डोंगराच्या कुशीत होते आणि उत्तरेच्या खिंडीत माझे तिरंदाज उभे होते. गावाच्या दक्षिणेच्या बंदरावर शत्रूची गलबते दिसली, म्हणून मी तिरंदाज तिकडे हलवले. ती चूक होती, आणि ती माझी होती. मोकळ्या खिंडीतून घोडेस्वार आले आणि त्यांनी वेशीला आग लावली. तेवढ्यात वीज गेली.

गुरुवार होता, आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. ती परत आल्यावर मी डाव उघडला. हा खेळ अधूनमधून आपणहून स्वतःला जतन करतो. डाव उघडला तो चूक होण्याआधीच्या पाळीवर. तिरंदाज खिंडीत होते आणि गाव शाबूत होते.

त्या वेळी मी काय करायला हवे होते? वीज गेली म्हणून केलेली चाल न केलेली होत नाही. मी तिरंदाज पुन्हा बंदरावर हलवले. घोडेस्वार पुन्हा आले आणि या वेळी वीज गेली नाही. गाव पडले. नेम पाळला गेला.

मुलगा हे सारे पाहत होता आणि त्या चालीबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुढे त्याने बहिणीला सांगितले की तो मुद्दामच गप्प राहिला, आबांना आठवते का ते पाहायचे होते. म्हणजे माझ्या घरात, माझ्याच खुर्चीशेजारी बसून, माझी परीक्षा चालली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्याला मी नकाशात दिशा ओळखायला शिकवले, त्याने मला तपासले. हे मला गाव पडल्याहून अधिक लागले.

दूधही दोनदा उतू गेले, असे मुलगा सांगतो; ते मी नाकारत नाही. तिशीतही माझ्या हातून उतू जायचे. तेव्हा त्याला वेंधळेपणा म्हणत. पण आता मी काहीही बोललो तरी ते आजारातच धरले जाते. आवाज चढवला तर स्वभाव बदलला, गप्प राहिलो तर भान हरपले. म्हणून जे मी पत्नीच्या शिकवणीप्रमाणे कधी बोलून दाखवले नसते, ते येथे लिहितो. तिने मला क्षमा करावी. तिचे घर कोणी तिच्या मौनापायी काढून घेणार नव्हते.

मुलाच्या हकिगतीत एक गोष्ट कधीच येत नाही. वीज आल्यावर, डाव उघडल्यावर, तिरंदाज अजून खिंडीत उभे असताना आणि नकाशावर एकही घोडेस्वार दिसत नसताना, तो उठला आणि त्याने मला विचारले, “आबा, चहा टाकू का?”

मी म्हणालो, “आधी ते घोडेस्वार खिंडीतून येऊ देत, मग टाक.”

“बरं,” तो म्हणाला आणि पुन्हा खुर्चीवर बसला.